मिरज जंक्शन: गाव रेल्वेनं वाढवलं की दवाखान्यानं?

कृष्णाकाठचा
मंडळी, आमच्या घरात दिवाळीपासून एक वाद पेटलाय तो इथं आणतोय. सासरे मूळचे मिरजेचे, ब्राह्मणपुरीतले. त्यांचं म्हणणं असं की मिरज म्हणजे वानलेस साहेबाचा, त्या मिशनरी डॉक्टरचा, दवाखाना, तो नसता तर मिरज हे किल्ला आणि दर्गा असलेलं एक साधं संस्थानी गाव राहिलं असतं. मी म्हणतो, दवाखाना मोठाच, पण पेशंट तिथं आला कसा? रेल्वेनं आला. पुण्याकडून एक लाइन, बेळगावकडून एक, कोल्हापूरची एक आणि पंढरपूर-कुर्डुवाडीची एक, चारी दिशांनी माणूस आणून सोडणारं दुसरं ठिकाण या भागात नव्हतंच. आणि तीन वेगवेगळ्या मापाचे रूळ एका स्टेशनात! लहानपणी ते बघितलेलं आहे, पण तेव्हा त्याचं काही विशेष वाटायचं नाही.

तर तुमचं मत सांगा, आणि मिरजेला गाडी बदलण्याच्या जुन्या आठवणी असतील तर त्याही लिहा. दुसरं म्हणजे मुलांना एकदा पंढरपूर लाइननं फिरवून आणायचंय, त्यात बघण्यासारखं काही उरलंय का?

शेडबाळकर
रेल्वे. विषय संपला :)

नीलांबरी
सासऱ्यांशी वाद घालताना जपून हो, दिवाळसणाची सवय मोडेल. माझं मत दवाखाना. माझ्या आजीचं ऑपरेशन मिरजेला झालं, आमच्याकडं अथणी भागात अजूनही कुणाचं दुखणं वाढलं की "मिरजेला न्या" हेच वाक्य निघतं. कानडी बोलणारा माणूस महाराष्ट्रातल्या दवाखान्यात गेला तरी त्याला परकं वाटत नाही, कारण तिथल्या नर्सबाईपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना कानडी येतं. हे रेल्वेनं नाही केलं, शंभरएक वर्षं पेशंट येत राहिल्यानं झालं.

बारका_रूळ
@नीलांबरी, पण ते शंभर वर्षं पेशंट येत राहिले कशानं?

जरा तारखा मांडतो म्हणजे वादाला बूड येईल. १८७६-७८ चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्रात धान्य पोचवायलाच साधन नव्हतं, माणसं मेली. त्यातून सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी १८८२ साली निघाली, मुख्य ऑफिस धारवाडला. दुष्काळी भागासाठी स्वस्तातली लाइन हवी म्हणून मीटरगेज, म्हणजे रुळांमधलं अंतर बरोबर एक मीटर. पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढा असा रस्ता त्याच दशकात झाला. मग कोल्हापूर संस्थानानं स्वतःच्या पैशानं मिरज-कोल्हापूर फाटा काढला, १८८८ ला पाया घातला आणि १८९१ ला गाडी सुरू. आणि वानलेस साहेबांचा मिरजेतला दवाखाना १८९४ चा. म्हणजे जंक्शन आधी, दवाखाना तीन वर्षांनी. साहेब १८८९ ला आले ते आधी सांगलीला आले होते हेही लक्षात घ्या.

सांगलीचा_भडंग
म्हणजे साहेब सांगली सोडून मिरजेला गेले, रेल्वेच्या नादानं का? तसं असेल तर आमच्या सांगलीवर अन्यायच झाला म्हणायचा. बाकी सांगलीला तेव्हा मेन लाइनच नव्हती, ती माधवनगरवरून जायची, सांगलीला मिरजेपासून एक छोटा फाटा होता १९०७ पासून. ब्रॉडगेज करताना लाइन सांगलीतून वळवली. गावात अजून स्टेशन चौक आहे, सभा होतात तिथं, पण स्टेशन मात्र भलतीकडंच. नवीन माणूस रिक्षावाल्याला "स्टेशन चौक" म्हणतो आणि गाडी चुकवतो.

बारका_रूळ
@सांगलीचा_भडंग, साहेब रेल्वेच्या नादानं गेले असं मी म्हणत नाही. मिरजेच्या आणि कोल्हापूरच्या दरबाराचा पाठिंबा होता, जागा मिळाली. पण जिथं गेले तिथं जंक्शन होतं म्हणून दवाखाना एवढा पसरला, असं माझं मत.

आबा_शाहूपुरी
कोल्हापूरच्या फाट्याचा विषय निघालाय तर थोडं लिहितो. पायाभरणी शाहू महाराजांच्या हस्ते झाली तेव्हा त्यांना अजून राज्याधिकारसुद्धा मिळाले नव्हते, ते १८९४ ला मिळाले, आणि लगेच पुढच्या वर्षी स्टेशनाला लागून शाहूपुरीची पेठ बसवली. कोल्हापूरच्या गुळाला जी बाजारपेठ मिळाली ती या पन्नास किलोमीटरच्या आतल्या लाइननं. नाहीतर गूळ बैलगाडीनं जायचा तो किती जाणार आणि कुठवर. आता स्टेशनचं नावच छत्रपती शाहू महाराज टर्मिनस आहे ते अगदी योग्य आहे. आमच्या गल्लीत एक म्हातारे अडते होते, त्यांचं हिशेबाचं वाक्य असं, "माल मिरज सुटला की आपला जीव सुटला." कारण मिरजेत गेज बदलायचं असलं की माल एका वॅगनमधून दुसऱ्या वॅगनमध्ये हमालांच्या पाठीवरून जायचा, त्यात उशीर, त्यात पावसाळा असला की गुळाला पाणी.

कुर्डुवाडी_लाइन
आता माझा विषय निघाला, त्यामुळं लांब लिहिणारे, सांभाळून घ्या.

बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ही काढली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याचं डोकं असं की छोट्या लाइनला सुद्धा मोठी गाडी चालवता येते, फक्त प्रत्येक आसावर येणारा भार ५ टनाच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि इंजिनापासून वॅगनपर्यंत सगळ्यांना तोच नियम लावायचा. मग हलके रूळ चालतात, खर्च कमी येतो, आणि तरी डबा लांबरुंद ठेवता येतो. पहिला टप्पा कुर्डुवाडी ते बार्शी १८९७ ला. तेव्हा कुर्डुवाडी स्टेशनचं नाव बार्शी रोड होतं. पंढरपूर १९०६, लातूर १९११, आणि शेवटी १९२७ ला मिरज. लातूरपासून मिरजेपर्यंत सव्वातीनशे किलोमीटरची लाइन, आणि सगळी खासगी कंपनीची. सरकारनं १९५४ ला विकत घेतली.

आमचे आजोबा कुर्डुवाडीच्या कारखान्यात फिटर होते. ते सांगायचे आषाढीला मालडबे झाडून घ्यायचे आणि वारकऱ्यांना त्यात बसवायचं, तरी माणूस मावायचं नाही, टपावर चढायचं. टाळ-मृदंग चालूच. गाडी चढाला दमली की तरणी पोरं खाली उतरून बरोबर चालायची, आणि पुन्हा चढायची.

मिरजेला ही गाडी लागायची ती आपल्या वेगळ्या फलाटाला. तिथून मोठ्या गाडीकडं डोक्यावर वळकटी, हातात पोर, असं धावायचं. माणसं "बारकी गाडी" म्हणायची. आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला... ही नावं मला पाढ्यांसारखी पाठ आहेत.

नीलांबरी
@कुर्डुवाडी_लाइन वाचताना मजा आली, अजून लिहा.

फलाट_नंबर_एक
१९७१ च्या आसपास पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज झालं, म्हणजे साडेपाच फुटी. बेळगावकडं मीटरगेज तसंच राहिलं आणि पंढरपूरकडं नॅरोगेज. त्यामुळं पुढची वीसेक वर्षं मिरजेला तिन्ही गेज एकत्र नांदत होते. भारतात असं एकच स्टेशन, आम्हाला शाळेत सामान्यज्ञानात हेच शिकवलेलं.

उत्तर_बंगाल_रिटर्न
एकच नाही. सिलिगुडी जंक्शनला पण ब्रॉडगेज, मीटरगेज आणि दार्जिलिंगची छोटी लाइन तिन्ही होत्या. मी नोकरीनिमित्त तिकडं होतो, स्वतः बघितलंय. मिरजेचा मोठेपणा कमी होत नाही त्यानं, पण "एकच" म्हणू नका.

फलाट_नंबर_एक
सिलिगुडीची छोटी लाइन दोन फुटी, आपली अडीच फुटी. म्हणजे आपलं त्रिकूट वेगळं. एवढं तरी आमच्याकडं राहू द्या राव.

उत्तर_बंगाल_रिटर्न
दिलं, दिलं.

तंबोरा
दवाखाना आणि रेल्वे चाललंय, पण मिरजेची तिसरी ओळख कुणी काढलीच नाही. सतार-तंबोरे. आणि ते रेल्वेच्याही आधीचे आहेत. शिकलगार मंडळी, म्हणजे हत्यारांना पाणी देणारी, त्यातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात वाद्यं करायला लागले आणि ते घराणं अजून चालू आहे. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठचा. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

पण रेल्वेवाल्यांच्या बाजूनं एक गोष्ट सांगतो जी मला फार मोलाची वाटते. नकाशा काढा आणि ती मीटरगेज लाइन बघा: पुणे, मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी, पुढं गदगचा फाटा. आता त्यावर नावं ठेवा. मिरजेला अब्दुल करीम खाँ. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व हुबळीजवळच्या कुंदगोळचे. हुबळीच्या गंगूबाई हनगल सवाई गंधर्वांच्या शिष्या. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर, ते आधी शिकले मिरजेच्या नीलकंठबुवांकडं. आणि गदगचे भीमसेन जोशी, जे पोरवयात घर सोडून विनातिकीट गाडीत बसले आणि गुरू शोधत हिंडले. अख्खी गायकी या एका लाइनच्या दोन्ही बाजूंना उभी आहे. गुरूकडं जायचं, मैफलीला जायचं, तंबोरे दुरुस्तीला आणायचे, सगळं गाडीनं.

आणि खाँसाहेबांचा शेवटसुद्धा स्टेशनवरच झाला. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते, वाटेत छातीत दुखायला लागलं म्हणून सिंगपेरुमाळ कोइल या छोट्या स्टेशनवर उतरले. फलाटावर बिछाना घातला, नमाज पढले, दरबारीच्या सुरात कलमा म्हणत गेले. तिथून त्यांना मिरजेला आणलं. ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात कबर आहे, उरुसात तिथं गवई हजेरी लावतात. मुलांना नेणार असाल तर आधी तिथं न्या.

शेडबाळकर
वरचं वाचून अंगावर काटा आला. सिंगपेरुमाळ कोइलवरून चेन्नईच्या लोकलनं गेलोय, माहीत असतं तर उतरलो असतो.

डॉ_पण_रेल्वेप्रेमी
मी मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजचा, १९६२ ला सुरू झालेलं. तेव्हा दोन्ही बाजूंचं बोलतो.

रेल्वे होती म्हणून पेशंट आला हे निम्मं खरं. कारण जंक्शनं भरपूर आहेत. दौंड जंक्शन आहे, मनमाड आहे, कुर्डुवाडी स्वतः जंक्शन आहे. तिथं गाडी बदलून माणूस पुढं गेला, थांबला नाही. मिरजेला थांबला, कारण थांबण्यासारखं काही होतं. वानलेस साहेबांनी नुसता दवाखाना नाही काढला, १८९७ ला मेडिकल स्कूल पण सुरू केलं. त्यातून शिकलेले डॉक्टर आजूबाजूच्या गावांत गेले आणि अवघड केस आली की आपल्या जुन्या शाळेकडं पाठवायचे. टीबीचं सॅनेटोरियम निघालं, त्या भागाला वानलेसवाडी नावच पडलं. म्हणजे रुग्ण आणणारी साखळी डॉक्टरांनी बनवली, रेल्वेनं तिला चाकं दिली. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

बारका_रूळ
दौंड-मनमाडचा मुद्दा तगडा आहे, मान्य. पण उलटं पण बघा. या लाइनवर रेल्वे बघून उभी राहिलेली ठिकाणं आहेतच. कुंडल रोड नावाचं एक ओसाड स्टेशन होतं, निवडुंग आणि साप. १९१० ला लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजांनी त्याच्या शेजारचा माळ दिला आणि कारखाना निघाला. आज त्या स्टेशनचं नाव किर्लोस्करवाडी. लोखंड यायचं कसं आणि नांगर जायचे कसे, स्टेशन नसतं तर? तसंच उगारचा साखर कारखाना.

डॉ_पण_रेल्वेप्रेमी
तिथंही तेच झालं ना. स्टेशन वीस-एक वर्षं आधीपासून होतं आणि निवडुंगच होता. माणूस आला तेव्हा गाव झालं.

सांगलीचा_भडंग
डॉक्टर जिंकले असं दिसतंय.

कुर्डुवाडी_लाइन
थांबा, एवढ्यात नाही. २०१६ विसरलात काय सगळे?

लातूरला प्यायला पाणी नव्हतं. नळाला महिनोन्‌महिने पाणी नाही, टँकरसमोर मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावलेली. तेव्हा पाणी कुठून गेलं? मिरजेहून. कृष्णेचं पाणी, रेल्वेच्या हैदरखान विहिरीतून भरून. ११ एप्रिलला पहिली गाडी सुटली, १० वॅगन, पाच लाख लिटर. दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला लोक फुलं घेऊन उभे होते. मग ५० वॅगनची गाडी सुरू झाली, एका खेपेला २५ लाख लिटर, आणि पावसाळ्यापर्यंत खेपा चालू होत्या.

आता ती गेली कुठल्या मार्गानं ते बघा: मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद, लातूर. ३४२ किलोमीटर. म्हणजे जवळजवळ अख्खी बार्शी लाइट! मधला काही रस्ता बदललाय, उस्मानाबाद शहर जुन्या लाइनवर नव्हतं ते नवीन ब्रॉडगेजवर आलं, पण मूळ आखणी तीच. छोटी लाइन २००८ ला बंद पडली आणि नंतर दोन-तीन वर्षांत मिरजेपर्यंत मोठे रूळ पडले. ते पडले नसते तर २०१६ ला एवढं पाणी कशानं नेलं असतं? दुष्काळासाठी म्हणून ज्या भागात पहिली रेल्वे आली, त्याच भागात सव्वाशे-दीडशे वर्षांनी पुन्हा दुष्काळात तीच उपयोगी पडली. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. आजोबा असायला हवे होते.

लातूरची_लेक
मी तेव्हा लातूरलाच होते, बारावीला. गाडी आली त्या दिवशी आमच्या आईनं देवापुढं दिवा लावला होता. प्रत्येक गल्लीला ते पाणी पोचलं असं नाही, पण शहर सोडून जायचं का याची घरात जी चर्चा चालू होती ती त्या दिवसापासून थांबली. मिरजकरांनी आपल्या वाटणीचं पाणी दिलं हे आम्ही विसरलेलो नाही.

नीलांबरी
@लातूरची_लेक ❤

गाडी_सुटली
जुनं सगळं छान आहे, पण आजच्या गाड्यांवर कुणी बोलेल का. पुण्याकडं जायला महालक्ष्मी, कोयना, दिल्लीकडं गोवा एक्सप्रेस, नागपूर-गोंदियाकडं महाराष्ट्र एक्सप्रेस (एकाच राज्यात तेराशे किलोमीटरहून जास्त धावते), तिरुपतीला हरिप्रिया. सप्टेंबर २०२४ पासून पुणे-हुबळी आणि पुणे-कोल्हापूर वंदे भारत, दोन्ही आठवड्यातून तीन-तीन दिवस. पुणे-मिरज वीज आली, दुहेरीकरणानं क्रॉसिंगला ताटकळणं कमी झालं. एवढं सगळं पुण्याच्या दिशेनं. पण पंढरपूर-कुर्डुवाडीच्या दिशेनं काय? पाण्याची गाडी गेली, डाळिंबाची गाडी गेली, माणसांसाठी मात्र सोयीच्या वेळेच्या गाड्या मोजक्याच. जत, कवठेमहांकाळ, सांगोला इथल्या पोरांना मिरज-सांगलीला कॉलेजला यायचं तर एसटी नाहीतर मोटरसायकल. सकाळ-संध्याकाळ एक धड लोकल टाइप गाडी हवी. ही मागणी मी जिथं जाईन तिथं करतो, इथंपण करतो.

आबा_शाहूपुरी
१००% अनुमोदन. डाळिंबाच्या गाडीवरून आठवलं, देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्यावरूनच निघाली होती, डिसेंबर २०२० मध्ये, थेट बंगालला शालिमारपर्यंत. भाजी-फळं एवढ्या लांब जाऊ शकतात तर कॉलेजची पोरं मिरजेपर्यंत का नाहीत.

फलाट_नंबर_एक
हद्दीचा पण प्रश्न आहे. मिरज स्टेशन पुणे विभागात, कुर्डुवाडीची लाइन सोलापूर विभागात, बेळगावची लाइन तर वेगळ्याच झोनमध्ये, दक्षिण पश्चिमला, हुबळी. पूर्वी तीन मालक होते, आता तीन विभाग आहेत. एका जिल्ह्याची मागणी तीन टेबलांवरून फिरते. हे मिरजेच्या नशिबात पहिल्यापासून लिहिलेलंय.

कृष्णाकाठचा
धागा एवढा वाढेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. सगळं सासऱ्यांना वाचून दाखवलं. डॉक्टरांच्या प्रतिसादाला त्यांनी जोरात मान डोलावली, आणि लातूरच्या पाण्याचं आलं तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की त्यांचे वडील १९२७ साली पहिली बारकी गाडी बघायला स्टेशनवर गेले होते असं घरात सांगायचे. हे मला आजवर कधी सांगितलं नव्हतं! आता तेही पंढरपूरला बरोबर येतो म्हणतायत.

माझं मत अजून रेल्वेच. पण दौंड-मनमाडला उत्तर माझ्याकडं नाही, कुणाकडं असेल तर लिहा.

कुर्डुवाडी_लाइन
प्रवासाचं सांगतो. वेळापत्रक निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा, या लाइनच्या वेळा बदलतात. शक्यतो दिवसाची गाडी घ्या, एकादशीच्या आसपास जाऊ नका, उभं राहावं लागेल. पावसाळ्यानंतर गेलात तर कवठेमहांकाळकडं द्राक्षबागा आणि सांगोल्याकडं डाळिंबं दोन्ही बाजूंना दिसतात, उन्हाळ्यात गेलात तर हा भाग दुष्काळी का म्हणतात ते मुलांना आपोआप कळेल. पंढरपूरच्या पुढं जमलं तर कुर्डुवाडीपर्यंत या, तिथला बार्शी लाइटच्या काळातला कारखाना अजून उभा आहे. सासऱ्यांना खिडकीची जागा द्या.

सांगलीचा_भडंग
आणि भडंग सांगलीवरून घेऊन जा, वाटेत मिळेल याच्या भरवशावर राहू नका.

तंबोरा
दर्ग्याचं विसरू नका. आणि सतारमेकर गल्लीत दुपारी जा, काम चालू असतं, पोरांना भोपळा कसा कोरतात ते बघू देतात.